अक्का, माले ले

१

तापीचं रडणं बेबाबाईला शंभर पोरांच्या गलक्यातून ओळखू आलं असतं.

चोपड्याच्या घरी दुपारचं जेवण आटोपलं की बेबाबाई नातीला खांद्यावर टाकून ओट्यावर फेऱ्या मारायची. पोर झोपली की तिला आतल्या पलंगावर ठेवायची आणि कामाला लागायची. तासाभराने तापी जागी व्हायची ती रडतच. आधी एक उचकी, मग लांबलचक सूर, आणि श्वास पुरेनासा झाला की शेवटी, "अक्का, माले ले!" आजी, मला घे. बेबाबाई केळीच्या बागेत असो नाहीतर मागच्या दारी धुणं घेऊन बसलेली असो, हातातलं टाकून धावत यायची. उचलून घेतलं की त्याच क्षणी रडं बंद.

तापी जन्मली अमेरिकेत, न्यू जर्सीला. बाप तेजस गावच्या नदीसाठी झुरणारा, म्हणून त्याने नाव ठेवलं तापी. पण बाळंतपणानंतर सुनेची, नूतनची तब्येत पार ढासळली आणि सहा महिन्यांची पोर आजी-आजोबांकडे आली. 'चार महिने' म्हणता म्हणता पावणेदोन वर्षं झाली. पोर इथे चालायला शिकली, इथली बोली बोलायला लागली. आई-बाप तिच्यासाठी फोनच्या काचेतली दोन माणसं होती. आता नूतन ठणठणीत झाली होती आणि पोरीला पोहोचवायला बेबाबाईच निघाली होती. सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन सोळा तासांचं विमान, आणि आजीचा तो आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास.

निघताना तापीचे आजोबा, रतिलाल आबा, गाडीच्या खिडकीशी उभे राहिले. "पोरले सांभाळीसन ने," एवढंच म्हणाले आणि शेताकडे तोंड करून उभे राहिले.

गाडीत बेबाबाईच्या मनात एकच विचार घोळत होता. तिथे पोहोचल्यावर पोरीने आपला पदर सोडलाच नाही तर? तिला त्या विचाराची भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते वेगळंच, आणि ते ती कोणाला सांगणार नव्हती.

२

विमान सकाळी अकराचं होतं. खिडकीशी तापी, मध्ये बेबाबाई आणि कडेला धुळ्याच्या प्रेमकुंवरबाई. सत्तरीच्या आसपासच्या, पांढरी साडी, कानात ऐकण्याची छोटी मशीन. मुलगा अर्पित तिकडे स्थायिक, त्यामुळे त्यांची ही चौथी खेप.

"चोपडा म्हणजे आपल्या घरचंच की हो," त्या म्हणाल्या. "काही लागलं तर मला सांगा, ताई. पट्टा असा लावायचा. आणि विमान वर जाताना पोरीला काहीतरी चघळायला द्या, कान दुखतात मुलांचे."

तापीने राजगिऱ्याची वडी चघळत जमीन खाली जाताना पाहिली. पिवळ्या फ्रॉकवर सगळा चुरा. दोन तास तिने खिडकी, पुढच्या खुर्चीतला टीव्ही आणि प्रेमकुंवरबाईंच्या बांगड्या यांत घालवले. मग मात्र तिला उतरायचं होतं. "घर चाल, अक्का. आबाकडे चाल." आधी विनवणी, मग हट्ट, मग असं रडणं की पुढच्या चार रांगांतली माणसं वळून पाहू लागली. बेबाबाईने तिला घेऊन किती फेऱ्या मारल्या, गोष्टी सांगितल्या, सगळं करून झालं. एका माणसाने कानांवर उशी दाबून धरली तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिशवीत सर्दीच्या औषधाची बाटली होती. शेजारच्या लताबाईने दिली होती. "अर्धा चमचा पाज, आरामात झोपून जाईल." नूतनने फोनवर दोनदा बजावलं होतं, आई, झोपेसाठी म्हणून काहीही देऊ नका. बेबाबाईने प्रेमकुंवरबाईंकडे पाठ केली आणि औषध चमच्याऐवजी झाकणात ओतलं. बघता बघता झाकण भरलं. परत बाटलीत ओतावं तर सांडलं असतं.

तापीने ते गोड म्हणून चाटूनपुसून घेतलं. थोड्याच वेळात ती आजीच्या मांडीवर आडवी झाली. हात गळून खाली लोंबायला लागला, तो बेबाबाईने उचलून पोटावर ठेवला.

मग विमानातले दिवे मंद केले आणि सगळ्या खिडक्यांची झाकणं खाली ओढायला लावली. बाहेर लख्ख ऊन होतं. विमान सूर्याच्या मागेमागे निघालेलं, त्यामुळे ते ऊन संपणारच नव्हतं, असं प्रेमकुंवरबाईंनी सांगितलं. आत मात्र सामसूम अंधार. तीनशे माणसं भरदुपारी झोपी गेली.

३

बेबाबाईचा डोळा लागला होता. ती जागी झाली ती रडण्याने.

आधी एक उचकी. मग लांबलचक सूर.

तिचे हात आपोआप हलले, थोपटायला. हाताखाली तापी होती. गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. रडणं येत होतं मागून, बऱ्याच मागून, विमानाच्या शेपटीकडून.

"उठली वाटतं तुमची," प्रेमकुंवरबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"नाही हो. झोपलीय."

प्रेमकुंवरबाईंनी डोळे उघडले. तापीकडे पाहिलं. मान वळवून मागे पाहिलं. मग पुन्हा तापीकडे पाहिलं.

असेल कोणाचं तरी, बेबाबाईने मनाला समजावलं. एवढ्या मोठ्या विमानात एकच पोर थोडंच असणार? आणि सगळ्या पोरांची रडण्याची तऱ्हा सारखीच. आपण दोन वर्षं एकच रडणं ऐकलं, म्हणून कान तेच ऐकतात.

सूर लांबला, पातळ झाला. श्वास पुरेनासा झाला.

"अक्का, माले ले!"

बेबाबाईच्या अंगावर काटा आला. इंजिनाच्या घरघरीत शब्द पुसट झाले असतील, ती म्हणाली स्वतःशी. दुसऱ्या कुठल्या भाषेतला शब्द असेल. आपल्याकडची बोली बोलणारं पोर इथे दुसरं कुठून येणार?

तिने तापीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. पण फार सावकाश. एक आला, की पुढचा यायला इतका वेळ लागे की मधल्या वेळात तिचा स्वतःचा श्वास थांबून राही. औषध जास्त झालं, दुसरं काही नाही. ती पोरीच्या गालावर टिचक्या मारू लागली. "तापी, उठ वं माय. उठ ना." मान एका बाजूला कलंडली. पोर उठली नाही.

आणि मागे ते रडतच होतं.

४

शेवटी ती उठली. तापीला खांद्यावर टाकलं, प्रेमकुंवरबाईंच्या गुडघ्यांवरून कशीबशी बाहेर पडली आणि मधल्या वाटेने मागे निघाली. दोन्ही बाजूंना माणसं ब्लँकेट पांघरून आडवीतिडवी पडली होती. आश्चर्य म्हणजे कोणी चुळबुळ करत नव्हतं. मघाशी तापीच्या रडण्याला वैतागलेला तो माणूससुद्धा घोरत होता.

ती चालू लागली तसं रडणं थांबलं. पावलं ओळखू आल्यावर पोर थांबते, तसं.

विमानाच्या शेवटी, पडद्याआड, उजेडात दोन एअर होस्टेस चहाचे पेले लावत होत्या. एकीला मराठी येत होतं.

"बाई, इथे मागे कोणाचं पोर रडतंय?"

"इथे? नाही, आजी." मुलीने बेबाबाईच्या खांद्यावरच्या तापीकडे पाहून स्मित केलं. "आज विमानात लहान मूल एकच आहे. तुमचंच. बघा, किती छान झोपलीय."

"मोजलीत ना तुम्ही?"

"यादी असते आमच्याकडे. लहान मुलांचं जेवण वेगळं असतं ना. एकच आहे."

बेबाबाईला औषधाचं सांगायचं होतं. पोरीला बघा, उठत नाहीये, असं म्हणायचं होतं. जीभ रेटेना. दोनदा बजावूनही औषध पाजलं, हे ती या परक्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार होती?

तेवढ्यात रडणं पुन्हा सुरू झालं. या वेळी पुढून, तिच्या स्वतःच्या जागेकडून. रडणं आता घाबरलेलं होतं, अक्का उठून गेली आणि खुर्ची रिकामी सापडली, असं.

होस्टेस पेले लावत राहिली. तिच्या हाताची लय जराही चुकली नाही.

बेबाबाई जवळजवळ धावत परत आली. जागेवर कोणी नव्हतं. तिच्या खुर्चीवरचं ब्लँकेट मात्र खाली ओढलेलं होतं आणि राजगिऱ्याच्या वडीचा चुरा वाटेत पसरला होता. प्रेमकुंवरबाई ताठ बसल्या होत्या. कानातली मशीन त्यांनी काढली होती आणि मुठीत गच्च धरली होती.

"तुम्ही काही पाहिलंत?" बेबाबाईने विचारलं.

त्यांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. ऐकू येत नाही. मग डोळे मिटले आणि ओठ हलवत नवकार मंत्र म्हणू लागल्या.

५

त्यानंतर किती वेळ गेला ते बेबाबाईला सांगता आलं नसतं. समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान निळ्या पाण्यावर चिकटून बसलं होतं.

रडणं पुन्हा मागून पुढे येऊ लागलं होतं, आणि त्याला आता एक क्रम होता. थोडं रडणं, मग "माले ले". मग शांतता. मग दोन-तीन हलकी पावलं, आणि पुन्हा थोडं रडणं, एक रांग पुढे.

आठ-नऊ रांगा मागे कोणीतरी झोपेत खिडकीचं झाकण उचललं. उन्हाची एक पट्टी विमानाच्या आरपार पडली. बेबाबाईने दोन खुर्च्यांच्या फटीतून पाहिलं. वाटेच्या मधोमध, उन्हात, पिवळ्या फ्रॉकची झालर होती. दोन उघड्या पोटऱ्या. आणि वर केलेले दोन लहान हात, एका झोपलेल्या परक्या माणसासमोर. उचलून घे म्हणून. तो माणूस उठला नाही. हात थोडा वेळ तसेच राहिले, मग खाली आले. झाकण पडलं. अंधार झाला.

बेबाबाईने आपल्या मांडीवर पाहिलं. पिवळा फ्रॉक, उघड्या पोटऱ्या. सगळं जागच्या जागी होतं.

तिला आयुष्यात इतकं कशाचंच भय वाटलं नव्हतं, आणि तरी तिचे पाय उठायला शिवशिवत होते. पोर रडतंय आणि आपण बसून आहोत, हे तिच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. उठावं, दहा पावलं जावं, उचलून घ्यावं. पण मग मांडीवरची कुठे ठेवणार? आणि ठेवली, नि तेवढ्या मिनिटभरात तो सावकाश चालणारा श्वास थांबला तर...

तिने तापीला छातीशी धरलं आणि ब्लँकेट दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतलं.

सहा रांगा. चार. दोन.

"अक्का, माले ले."

आता ओरडणं नव्हतं, अगदी शेजारी होतं. रडून रडून पोरीचा आवाज बसतो, तसा. ब्लँकेटच्या विणीतून काही दिसत नव्हतं. बेबाबाईने ओठ दातांखाली धरले. एक शब्द बोलली असती तर पुढचं तिच्या हातात राहिलं नसतं.

शेजारी प्रेमकुंवरबाईंनी एकदम श्वास आत घेतला आणि दोन्ही पाय वर, खुर्चीवर ओढून घेतले.

बराच वेळ काही झालं नाही. मग हलकी पावलं पुढे गेली. पुढच्या रांगेत कोणीतरी झोपेत कूस बदलली. "माले ले," तिथे कोणीतरी म्हणालं, आणि नंतर त्याच्याही पुढे, आणि मग पुढच्या पडद्यापलीकडे, जिथे मोठ्या खुर्च्या असतात. तिथून पुढे ऐकू आलं नाही.

६

उतरायला तासभर उरला असताना तापी जागी झाली. रडली नाही. डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि दूध मागितलं. बेबाबाईने तिचे इतके मुके घेतले की पोरीने तोंड वळवलं.

"बघा, उठली," ती प्रेमकुंवरबाईंना म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला काय काय भास झाले हो. पहिलाच प्रवास. झोप नाही, त्यात कानांना दडे बसलेले."

प्रेमकुंवरबाई मशीन कानात घालत होत्या. "होतं असं," त्या म्हणाल्या.

सामान घेऊन बाहेर पडताच दाराशी त्यांचा अर्पित त्यांना न्यायला आला. त्या चार पावलं गेल्या, मुलाला थांब म्हणाल्या आणि परत आल्या. तापीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तुम्ही पाहिलंत का, ताई? जवळ आली तेव्हा?"

बेबाबाईने मान हलवली. नाही.

"मीही नाही पाहिलं." त्या खाली, आपल्या पायांकडे पाहत होत्या. "हात किती गार होते हो तिचे."

थोडं पुढे तेजस आणि नूतन फुगे घेऊन उभे होते. बेबाबाईने पदर सावरला, पोर आता आपल्याला बिलगणार म्हणून. तापी सरळ नूतनकडे गेली. "मम्मी," म्हणाली. नूतन तिथेच फरशीवर बसून रडली.

७

सगळे म्हणाले, पोर किती शहाणी आहे. आपली आपण जेवते, एकटी झोपते, उठली की खेळत बसते. डॉक्टरने तपासलं, वजन केलं, उत्तम म्हणाला. बेबाबाईला ती 'आजी' म्हणू लागली, नूतनने शिकवल्याप्रमाणे. गावची बोली चार दिवसांत विसरली. लहान मुलं विसरतातच, तेजस म्हणाला.

बेबाबाई एकटी असताना तिच्यासमोर बसायची, दोन्ही हात पुढे करायची. "ये माय. मी लेस तुले." तापी त्या हातांकडे नीट पाहायची, नवी वस्तू पाहावी तशी, आणि खेळण्यांकडे वळायची. सहा आठवड्यांत तिने एकदाही कोणाला उचलून घे म्हटलं नाही.

पोर बदललंय असं कोणाला सांगायचं? काय बदललंय, म्हणतील. रडत नाही ही काय तक्रार झाली? आणि सांगायचं तर औषधापासून सांगावं लागलं असतं. नूतनच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं होतं. बेबाबाई गप्प राहिली. दुपारी घर शांत झालं की मात्र ती कान देऊन बसायची, आणि रडणं येत नाही म्हणून तिला झोप लागायची नाही.

परतीच्या दिवशी तापीने हात हलवून टाटा केलं.

तेजसने तिकीट काढताना तिच्यासाठी खिडकीची जागा घेतली होती. बेबाबाईने विमानात एका पोराला विनंती करून ती बदलून घेतली आणि वाटेच्या कडेला बसली. पाय दुखतात, म्हणाली. जेवणं झाली, दिवे मंद झाले. ती ताठ बसून राहिली. एक तास गेला, चार गेले. विमानं काय एकच असतात, ती मनाशी म्हणाली. आणि समजा असलंच, तर ते इतके दिवस... पुढचा विचार तिने केला नाही. तिला आपलं हसू आलं, लाज वाटली, आणि मग असं रितं रितं वाटलं की तिने पदर तोंडाशी धरला.

तेव्हा पुढच्या पडद्याकडून ते आलं. रडणं म्हणावं असं काही त्यात राहिलं नव्हतं. घसा पार बसलेला. 'अक्का' नव्हतं. नुसतं, दर रांगेला एकदा, कोणाकडूनच काही न मागता मागितल्यासारखं, "माले ले... माले ले..."

बेबाबाईने पट्टा सोडला. या वेळी तिने ब्लँकेट ओढलं नाही, डोळेही मिटले नाहीत. अंधारात, तिच्या गुडघ्याशी, काहीतरी थांबलं.

"ये माय," ती म्हणाली. "किती रडनी वं माय. ये."

ती वाकली आणि उचलून घेतलं.

वजन तेवढंच होतं. मान खांद्यावर पडली, नाक गळ्याशी घुसलं, अंग गारठलेलं. एक उचकी आली आणि रडं त्याच क्षणी बंद झालं. बेबाबाई थोपटत राहिली. वाटेने जाणाऱ्या होस्टेसने तिच्याकडे पाहिलं, थबकली, आणि काही न विचारता पुढे गेली. रात्र सरली, खिडक्या उघडल्या, ऊन आत आलं. बेबाबाईने खाली पाहिलं नाही. फक्त थोपटत राहिली. हळूहळू ते अंग कोमट झालं, मग चांगलं उबदार.

विमान मुंबईला टेकलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आजूबाजूला सगळ्यांचे फोन वाजू लागले. बेबाबाईचाही वाजला. तो समोरच्या कप्प्यात होता, काचेवर नाव दिसत होतं. तेजस. तिकडे आता मध्यरात्र उलटून अडीच तास झाले असतील. एवढ्या अवेळी तो कधी फोन करत नसे.

फोन वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला. मग तिसऱ्यांदा.

"आजी, तुमचा फोन," शेजारचा पोरगा म्हणाला.

बेबाबाईने मान हलवली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.